बाळाला जमीन हवी

बाळानं मान धरली, मांडीवर उभं केलं की ते पाय ताठ करून टुणटुण उड्या मारू लागलं, की घरात नव्या खरेदीची चर्चा सुरू होते. पाळणा आलेला असतो, बाबागाडी आलेली असते. आता पाळी असते वॉकरची किंवा जंपरची. वॉकर म्हणजे चाकं लावलेली गोल चौकट, मध्ये बाळाला बसवायची कापडी बैठक आणि समोर खेळण्यांचा ट्रे. जंपर म्हणजे स्प्रिंगला किंवा रबरी पट्ट्यांना टांगलेली तशीच बैठक. ती दाराच्या चौकटीला अडकवतात किंवा स्वतःच्या स्टँडला लावलेली मिळते. बाळाच्या पायांची बोटं जमिनीला टेकतात, त्यानं रेटा दिला की ते वर उसळतं. दोन्हींच्या खोक्यांवर साधारण एकच आश्वासन असतं: पाय बळकट होतील, बाळ लवकर चालू लागेल. आईवडिलांच्या मनात मात्र दोन प्रश्न असतात. यात बाळाला धोका आहे का, आणि याचा बाळाला काही उपयोग आहे का? हे प्रश्न सहसा एकात एक मिसळून विचारले जातात, म्हणून उत्तरंही धूसर मिळतात. ते वेगळे केले तर उत्तर बरंच स्पष्ट आहे. चाकांचा वॉकर घरात आणूच नये. जंपर काही अटी पाळून थोडा वेळ वापरला तर चालतो, पण त्याचा फायदा मोठ्यांना होतो, बाळाला नाही. बाळाला चालायला शिकण्यासाठी जे लागतं ते प्रत्येक घरात आधीपासून आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. ती म्हणजे जमीन.

हे नुसतं मत नाही, हे समजण्यासाठी बाळ चालायला शिकतं म्हणजे नेमकं काय करतं ते पाहायला हवं. आपल्या भाषेनं हा प्रवास फार बारकाईनं टिपला आहे. बाळ आधी मान धरतं, मग कुशीवर वळतं, पालथं पडतं, पोटावर सरपटतं, बसतं होतं, रांगतं, कशाला तरी धरून उभं राहतं, धरून धरून चालतं आणि एक दिवस हात सोडून पाऊल टाकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचा हा प्रवास नोंदवला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं की आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत आणि स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. चारेक टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. म्हणजे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालतंय आणि आपलं चौदाव्या महिन्यातही धरून धरून चालतंय, यात काळजी करण्यासारखं काही नसतं. निरोगी बाळांमध्ये इतका फरक मुळातच असतो. ‘लवकर चालेल’ हे आश्वासन ज्या घाईवर विकलं जातं, तिला शास्त्राचा आधार नाही. लवकर चाललेलं मूल पुढे अधिक चपळ किंवा अधिक हुशार होतं असंही नाही.

या प्रवासात बाळ कमावतं काय, हा खरा मुद्दा आहे. आपल्याला वाटतं की चालायला पायांत ताकद यावी लागते. ताकद लागतेच, पण त्याहून अवघड गोष्ट आहे तोल. मोठं डोकं, आखूड पाय आणि सतत हलणारा गुरुत्वमध्य सांभाळत एका पायावर क्षणभर थांबायचं आणि दुसरा पुढे टाकायचा, यासाठी मान, पाठ, पोट आणि कंबर यांच्या स्नायूंनी डोळ्यांशी आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जुळवून घ्यावं लागतं. हे जुळवणं शिकवून येत नाही. असंख्य वेळा चुकून येतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि तासाला १७ वेळा पडत होती. या सतरा पडण्यांना आपण अपघात म्हणतो, पण तोच अभ्यासाचा तास असतो. प्रत्येक वेळी बाळाच्या मेंदूला कळतं की आपण जरा जास्त झुकलो, पाय जरा उशिरा टाकला. पुढच्या वेळी ते थोडं वेगळं करून पाहतं. वॉकर आणि जंपर नेमकं हेच काढून घेतात. बैठक धडाला धरून ठेवते, त्यामुळे पाठीला आणि पोटाला काम उरत नाही. कितीही झुकलं तरी बाळ पडत नाही, म्हणून चूक कळत नाही. वॉकरमध्ये बाळ बोटांनी जमीन मागे ढकलतं, टाच टेकवून पाऊल टाकत नाही. समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. बाहेरून ते चालल्यासारखं दिसतं, पण चालण्यातला अवघड भाग यंत्रानं करून टाकलेला असतो.

या तर्काला पुरावा आहे का? वॉकरच्या बाबतीत आहे. १९९९ साली सीगल आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १०९ बाळांची तुलना केली. वॉकर वापरणारी बाळं न वापरणाऱ्यांपेक्षा उशिरा बसली, उशिरा रांगली आणि उशिरा चालली. पाय न दिसू देणाऱ्या मोठ्या ट्रेचे वॉकर वापरणारी मुलं सर्वांत मागे होती. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आयर्लंडमधल्या १९० मुलांचा अभ्यास आला. त्यात वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण दर २४ तासांमागे स्वतंत्र चालणं सुमारे ३.३ दिवसांनी आणि स्वतंत्र उभं राहणं ३.७ दिवसांनी लांबल्याचं दिसलं. कॅनडातल्या ॲबट आणि बार्टलेट यांनी आठ महिन्यांच्या ४३ बाळांची पाहणी केली. तिच्यात वॉकर, जंपर, बाळखुर्ची अशी साधनं जास्त वापरणाऱ्या घरांतल्या बाळांची हालचालींची चाचणी तुलनेनं कमी गुणांची आली. या अभ्यासांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. मूळचंच शांत किंवा सावकाश बाळ साधनात जास्त वेळ बसवलं गेलं असेल, ही शक्यता उरते. काही छोट्या अभ्यासांत चालण्याच्या वयात फरक आढळलाही नाही. आणि जो उशीर दिसला तो दिवसांचा किंवा आठवड्यांचा, आयुष्यभराचा नव्हे. म्हणून ‘वॉकरनं मूल अधू होतं’ असं म्हणणं चूक ठरेल. पण सगळे अभ्यास समोर ठेवले तर एवढं निश्चित म्हणता येतं की वॉकरमुळे बाळ लवकर चालू लागतं याला आधार सापडत नाही, आणि जो फरक सापडतो तो उलट दिशेचा आहे. खोक्यावरचं आश्वासन इथेच निकालात निघतं.

थोडा उशीर झाला तर बिघडलं काय, असं कुणी विचारील. उशिराचं काही बिघडत नाही, पण वॉकरवरचा मुख्य आक्षेप उशिराचा नाहीच, दुखापतीचा आहे. ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९० ते २०१४ या २५ वर्षांत अमेरिकेत सव्वा वर्षाच्या आतली अंदाजे २,३०,६७६ मुलं वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणली गेली. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना मार लागला होता तो डोक्याला किंवा मानेला. सुमारे ७४ टक्के मुलं जिन्यावरून कोसळली होती. ज्यांना दाखल करावं लागलं, त्यांतल्या सुमारे ३८ टक्के मुलांच्या कवटीला तडा गेला होता. यामागचं कारण साधं आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकतं. चार पावलांवर उभी असलेली आई ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत चाक पायरीच्या कडेवरून गेलेलं असतं. ‘आम्ही लक्ष ठेवून असतो’ हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. अशा अपघातांच्या वेळी अनेकदा मोठं माणूस त्याच खोलीत असतं. तिथे दोष लक्ष ठेवणाऱ्याचा नसतो. ज्या वयात धोका ओळखण्याची समज आलेली नसते, त्या वयात हे साधन बाळाला वेग देतं, आणि हा त्याच्या रचनेतलाच दोष आहे.

मानसशास्त्रातला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. जमीन खाली गेल्यासारखी दिसेल अशा काचेच्या टेबलावर बाळाला आणायचं आणि ते उंचीला बिचकतं का हे पाहायचं, असा तो प्रयोग. रांगायला लागल्यावर काही आठवड्यांनी बाळं खोल बाजूला बिचकू लागतात. जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की न रांगणारी पण वॉकरमध्ये फिरलेली बाळंही तशी बिचकतात. वॉकरच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हा आधार वाटेल: म्हणजे वॉकर काहीतरी शिकवतो की! शिकवतो, हे खरं आहे. स्वतः हिंडण्याचा अनुभव मेंदूला घडवतो. पण रांगणाऱ्या बाळाला कडा दिसली की ते थांबू शकतं, हात पुढे करून चाचपू शकतं, मागे फिरू शकतं. वॉकरमधल्या बाळाला भीती वाटली तरी ब्रेक मारता येत नाही. कळतंय पण थांबता येत नाही, अशी ती अवस्था. म्हणूनच कॅनडानं एप्रिल २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली, अगदी जुन्या वापरलेल्या वॉकरच्या विक्रीवरसुद्धा. असं करणारा तो जगातला पहिला देश. नातवंडाला भेटायला टोरांटोला निघालेल्या आजीआजोबांनी हे लक्षात ठेवायला हवं: इथून हौसेनं नेलेला वॉकर तिथे बेकायदा ठरतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००१ सालीच बंदीची मागणी केली. तिथे बंदी आली नाही, पण पायरीच्या कडेला थबकणाऱ्या रचनेचे ऐच्छिक निकष त्याआधीच आले होते. दुखापती १९९० मधल्या २०,६५० वरून २००३ मध्ये ३,२०१ वर आल्या, आणि २०१० मध्ये निकष सक्तीचे झाल्यावर आणखी घटल्या. सुधारणा मोठी आहे. तरीही ज्या वस्तूचा बाळाला उपयोगच नाही, तिच्यामुळे वर्षाला काही हजार मुलांना दुखापत व्हावी, हे कशाच्या मोबदल्यात?

आपल्याकडे यावर एक उत्तर ठरलेलं असतं: आमचं घर फ्लॅटमधलं, आत जिना नाही, मग भीती कशाची? जिना नसल्यानं सर्वांत गंभीर धोका कमी होतो, हे मान्य. पण वॉकर बाळाला वेगाबरोबर उंचीही देतो. रांगणाऱ्या बाळाच्या हाताला न लागणाऱ्या गोष्टी वॉकरमधून लागतात: टीपॉयवरचा गरम चहा, टेबलक्लॉथचं टोक, इस्त्रीची लोंबणारी वायर, देवघरातली पेटती समई, बाहेर डोकावणारी कढईची दांडी. मराठी घरांत स्वयंपाकघराचा उंबरा, न्हाणीघराची खोलगट पायरी, बाल्कनीच्या दाराचा रूळ हे सगळं असतंच. चाक तिथे अडकलं की वॉकर पुढच्या बाजूला उलथतो आणि बाळ डोक्यावर आपटतं. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली हा तर वेगळाच धोका आहे, कारण लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. वाडे, चाळी, बैठी घरं, गावाकडची जोती आणि ओटे यांचा विचार केला तर ‘जिना नाही’ हे म्हणणंही अनेक घरांना लागू पडत नाही. भारतात वॉकरवर बंदी नाही आणि दुकानांत ते सर्रास मिळतात. पण बंदी नाही याचा अर्थ वस्तू निर्धोक आहे असा होत नाही. घरात वॉकर असेल तर तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकण्यापेक्षा त्याची चाकं काढून, मोडून भंगारात द्यावा. आपल्या बाळाला नको असलेला धोका शेजारच्या बाळाच्या हवाली करण्यात अर्थ नाही.

आता जंपर. त्याची कुळकथा आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात व्हाइट अर्थ नावाच्या आदिवासी वसाहतीत ऑलिव्हिया पूल ही मुलगी वाढली. तिथल्या ओजिब्वे बायका कामात असताना बाळाला फळीच्या पाळण्यात बांधून झाडाच्या फांदीला टांगत आणि अधूनमधून हलवत. स्वतःला मूल झाल्यावर, १९१० साली, त्याच आठवणीतून तिनं कापड, स्प्रिंग आणि एक दांडा जोडून बाळाला उड्या मारता येतील असं साधन बनवलं. पुढे कॅनडात १९५७ मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. हे वाचताना उसाच्या फडाशेजारी झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी कुणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येईल. गरज तीच आहे: आईचे हात मोकळे हवेत आणि बाळ सुरक्षित हवं. फरक एवढाच की झोळीत बाळ निजतं, तर जंपरमध्ये ते उभ्या स्थितीत असतं आणि शरीराचा काही भार अजून तयार न झालेल्या पायांवर येतो. जंपरला चाकं नाहीत, म्हणून वॉकरचा मोठा धोका त्यात नाही, आणि दोघांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं होईल. त्याचे धोके वेगळे आहेत. दारावरच्या जंपरचा शिकंजा सुटू शकतो, पट्टा झिजून तुटू शकतो, झोका जास्त झाला तर बाळ चौकटीवर आपटतं, आणि कौतुकानं झोका देणारं मोठं भावंड तर हमखास असतं. शिकंज्याला पकडायला चौकटीच्या वरच्या कडेला रुंद आणि भक्कम पट्टी लागते. आपल्याकडच्या अनेक दारांना ती नसतेच. मग पाळण्याच्या किंवा झोपाळ्याच्या कडीला जंपर टांगण्याचा मोह होतो. कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीबाहेर काहीही टांगू नये, हा इथला पहिला नियम.

शरीरावर होणाऱ्या परिणामांबद्दल दोन गोष्टी तोलून सांगायला हव्यात. पहिली कमरेच्या सांध्याची. बाळाचा हा सांधा पहिल्या वर्षात घडत असतो, आणि मांड्या फाकून वर उचललेल्या असल्या तर तो खोबणीत नीट बसतो. बाळाला कडेवर घेण्याची आपली रीत या दृष्टीनं उत्तम आहे. ज्या समाजांत बाळांना असं पाय फाकवून वागवतात तिथे हा सांधा निखळण्याचं प्रमाण कमी आढळतं. अरुंद बैठकीच्या जंपरमध्ये मात्र सगळा भार जांघेवर येतो आणि पाय सरळ खाली लोंबतात. निरोगी बाळाला त्यातून सांध्याचा विकार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण ज्याच्या सांध्यात जन्मतः दोष आहे, ज्याचे स्नायू फार ढिले किंवा फार ताठ आहेत, जे बरंच आधी जन्मलं आहे, अशा बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंपरमध्ये ठेवू नये. दुसरी गोष्ट बोटांवर उसळण्याची. टाच न टेकवता सतत चवड्यावर रेटा देण्याची सवय चालण्याच्या पद्धतीला विसंगत आहे, म्हणून मुलांचे फिजिओथेरपिस्ट जंपरचा वेळ मर्यादित ठेवायला सांगतात. एक भीती मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही. उड्यांमुळे बाळाच्या मेंदूला इजा होईल का, असं अनेकांना वाटतं. बाळाला रागानं गदगदा हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि ते प्राणघातक असतं. बाळ स्वतःच्या पायांच्या जोरावर मारतं त्या उड्यांमध्ये तसा जोर नसतो. मोठ्यांनी बैठक ओढून सोडणं मात्र पूर्ण टाळावं.

मग जंपर घ्यावा की नाही? इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो आयांकडून येतो: दिवसभर बाळ कडेवर घेऊन घर कसं चालवायचं? एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या, मोठी भावंडं यांच्यात वाटलं जाणारं काम आता दोन माणसांवर, अनेकदा एकाच बाईवर पडतं. तिला अंघोळ करायची असते, कुकर लावायचा असतो, दोन घास शांतपणे खायचे असतात. या गरजेला कुणी हलकं लेखू नये. थकून गेलेली आई बाळासाठीही बरी नव्हे. पण म्हणूनच या साधनाचं खरं काम ओळखून ते वापरावं. जंपर हे बाळाच्या पायांचं व्यायामाचं यंत्र नाही, आईला मिळालेली दहा-पंधरा मिनिटं आहेत. तसं मानलं की अटी आपोआप ठरतात. बाळानं मान पक्की धरल्याशिवाय त्यात बसवायचं नाही, आणि ते स्वतः चालू लागलं की जंपर काढून ठेवायचा. वजनाची मर्यादा पाळायची. उंची अशी ठेवायची की पावलाचा पुढचा भाग नीट टेकेल, नुसती बोटांची टोकं नव्हे. एका वेळी पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. दूध प्यायल्यावर लगेच नाही आणि त्यात झोपू द्यायचं नाही. बाळ नजरेच्या टप्प्यात हवं, बंद दाराआड नव्हे. दारावरच्या प्रकारापेक्षा स्वतःच्या भक्कम स्टँडचा जंपर बरा. आणि हे सगळं जमणार नसेल तर घेऊच नये. बाळाचं त्यावाचून काहीही अडत नाही. कठड्याचं खेळघर किंवा चटईभोवती उभं केलेलं कुंपण हेच काम अधिक चांगलं करतं, कारण त्यात बाळ सुरक्षितही असतं आणि मोकळंही.

‘आम्ही सगळे वॉकरमध्येच वाढलो, आम्हाला काय झालं?’ हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून, आणि त्यामागे माया असते. पण ज्यांना काही झालं नाही त्यांच्यावरून धोका मोजता येत नाही. बहुतेक वॉकर कुणालाही न दुखावता वापरून होतात, हे खरंच आहे. मुद्दा असा की काही मुलांची कवटी फुटते आणि त्या धोक्याच्या बदल्यात बाकीच्यांना काहीच मिळत नाही. रस्त्यावरच्या वाहनात धोका असतो, पण ते आपल्याला कामावर नेतं, म्हणून तो धोका आपण पत्करतो. इथे दुसरं पारडं रिकामं आहे. ‘पण बाळाला किती आवडतं!’ हाही खरा अनुभव आहे. उभ्यानं जग पाहायला, उसळायला बाळाला मजा येते. तीच मजा त्याला मांडीवर उभं करून नाचवताना येते, आणि तिथे समोर चेहरा असतो, बोलणं असतं, थकलं की थांबवणारे हात असतात.

जुनी माणसं आणखी एक सार्थ प्रश्न विचारतील: मग पांगुळगाडा काय होता? आपल्या घरांतला तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा आणि आजचा वॉकर यांत नावापुरतं साम्य आहे, रचना उलट आहे. पांगुळगाड्यात बाळ बसत नाही. ते स्वतःच्या पायांवर, टाच टेकवून उभं असतं, दांडी धरतं आणि ढकलतं. धड मोकळं असतं, तोल स्वतः सांभाळावा लागतो, पाय दिसतात आणि दांडी सुटली की बाळ बुडावर बसतं. म्हणजे चूक कळण्याची सोय त्यात शिल्लक आहे. शिवाय जे बाळ धरून उभं राहू शकतं त्यालाच तो वापरता येतो, पाच महिन्यांच्या बाळाला नाही. हलका पांगुळगाडा पुढे पळू नये म्हणून त्यावर थोडं वजन ठेवावं आणि सपाट जागीच तो द्यावा, एवढी काळजी पुरते. मराठीत हा शब्द आणखी एका अर्थानं रूढ झाला. सतत दुसऱ्याच्या आधारावर चालणाऱ्या माणसाला किंवा संस्थेला आपण ‘पांगुळगाड्यावर चालणारी’ म्हणतो. आधार काम करू लागला की आधार घेणाऱ्याची वाढ थांबते, हे भाषेला कधीच कळलं होतं. पण हे वर्णन खऱ्या पांगुळगाड्यापेक्षा वॉकरलाच नेमकं लागू पडतं.

म्हणून शेवटी जमिनीकडेच यावं लागतं. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरावी आणि जागं बाळ त्यावर पालथं ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की अजून न हिंडणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास असं पालथं खेळू द्यावं, आणि कुठल्याही खुर्चीत, गाडीत किंवा पट्ट्यात सलग तासाभराहून अधिक काळ बांधून ठेवू नये. पालथं असताना बाळ मान उचलतं, हातांवर छाती तोलतं, आणि हीच पुढच्या रांगण्याची तयारी असते. झोपताना मात्र ते उताणंच हवं. समोर हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे वाटी, चमचा, रंगीत फडकं ठेवलं की ते सरपटण्याचं कारण शोधतं. पुढे दिवाणाची कड, आजीचा गुडघा, भरलेलं, घट्ट झाकलेलं पाण्याचं पिंप यांना धरून ते उभं राहतं. घरात अनवाणी असू द्यावं, म्हणजे तळव्याला जमीन कळते. सांडलेलं पाणी पुसावं, टोकदार कोपरे झाकावेत, प्लगची भोकं बंद करावीत, उंबऱ्याशी अडसर लावावा. त्याहून अधिक सोय लागत नाही. खाली बसून जेवणाऱ्या, खाली बसून भाजी निवडणाऱ्या आपल्या घरांत बाळाला जमीन आणि जमिनीवर बसलेली माणसं दोन्ही सहज मिळत होती. जे आपल्याकडे होतं ते सोडून दुकानातून त्याची नक्कल आणायची गरज नाही.

एवढं करूनही बाळ नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल, किंवा जमलेली गोष्ट अचानक विसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नये. तिथे तपासणी लागते, वॉकर नव्हे. वॉकरमध्ये उभं दिसणारं बाळ पाहून घरच्यांना वाटतं की सगळं ठीक आहे, आणि मदत मिळायला उशीर होतो. बाकी साऱ्या बाळांच्या बाबतीत आपलं काम त्यांना चालवण्याचं नसतं. पडायला सुरक्षित जागा देण्याचं असतं, आणि तासाला सतरा वेळा पडताना पाहूनही उचलायला न धावण्याचा धीर धरण्याचं असतं. हा धीर वॉकरपेक्षा अवघड आहे. पण बाळाचं पहिलं पाऊल खरोखर त्याचं स्वतःचं असावं असं वाटत असेल, तर तेवढा धरायलाच हवा.